हंगाम हुकलेल्या सालाची जुनी बोर्दो: निवडण्यापासून शेवटच्या ग्लासापर्यंत

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या रेड वाइनमध्ये १९८२, १९९०, २०००, २००५, २००९, २०१० आणि २०१६ ही नावाजलेली सालं. लेबलवर यातलं एखादं दिसलं की किंमत चढलीच म्हणून समजा. १९९७, २००२, २००४, २००७, २०११, २०१३ या सालांकडे मात्र गिऱ्हाईक फारसं वळत नाही, त्यामुळे त्याच शातोची (म्हणजे द्राक्षमळा असलेल्या वाइनघराची), त्याच मळ्यातली, बारा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त मुरलेली बाटली बरीच कमी पैशांत मिळते. मुरलेली वाइन म्हणजे नक्की काय, हे पहिल्यांदाच चाखणाऱ्याने सुरुवात इथून करावी. मात्र दणकट सालांसाठी सांगितले जाणारे नियम (तीन तास डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ठेवा; मसालेदार मांसाबरोबर वाढा) इथे उलटे पडतात. ही वाइन अंगाने हलकी असते आणि बूच निघाल्यावर तिच्याकडे वेळ थोडा असतो.

साल पडतं म्हणजे काय होतं

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे समजवावं लागणार नाही. डावणी (बुरशीचा रोग), मणीगळ, ऐन तोडणीत पाऊस, घडकूज ही संकटं बोर्दोतही तीच आहेत, फक्त महिने वेगळे. तिथे वेल साधारण जूनच्या सुरुवातीला फुलतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. १९९१च्या एप्रिलमध्ये दंव पडून कोवळे कोंब जळाले. १९९२ आणि १९९३ला पावसाने रस पातळ केला. २००७चा उन्हाळा थंड आणि ओला गेला, डावणीने जीव काढला, आणि शेवटी कोरड्या सप्टेंबरने थोडंफार सावरलं. २०१३ला फुलोराच गारठ्यात सापडला; मेर्लो जातीच्या द्राक्षांची गळ झाली, जे मणी राहिले ते लहान-मोठे, आणि नंतर कूज.

अशा वर्षी द्राक्षाची साल आणि बी पूर्ण पिकत नाही. साखर कमी म्हणून अल्कोहोल कमी, बऱ्याचदा १२ ते १२.५ टक्के. आम्लता जास्त, फळाचा गर कमी. काबेर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षात पायराझिन नावाची द्रव्यं असतात. कच्च्या द्राक्षात ती जास्त राहतात आणि वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास देतात. हा वास वर्षानुवर्षं बाटलीत टिकतो. फक्त सोबतीला देवदाराचं लाकूड, तंबाखूची सुकी पानं, पावसानंतरच्या पालापाचोळ्याचे वास आले की तो खटकेनासा होतो. काहींना तर तोच आवडतो.

मुरताना टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारी तुरट द्रव्यं, एकमेकांना चिकटून जड होतात आणि रंगद्रव्यासह तळाशी बसतात. तोच गाळ. वाइन मऊ होते, रंग विटकरीकडे झुकतो आणि ताज्या फळाची चव हळूहळू ओसरते. दणकट सालात फळाचा साठा इतका असतो की तीस वर्षं गेली तरी पुरतो. पडत्या सालात तो मुळातच कमी, म्हणून वाइन लवकर पिण्याजोगी होते आणि लवकर उतरणीलाही लागते. चांगल्या घराण्याची असेल तर या दोन टोकांच्या मधली काही वर्षं फार सुंदर असतात. आपल्याला बाटली पकडायची आहे ती तिथे.

पायरी १: सालापेक्षा मळा बघा

चांगल्या वर्षी लहानसहान मळ्यांचीही वाइन छान होते, तेव्हा नाव फारसं बघावं लागत नाही. वाईट वर्षी नावच बघायचं. मेदोक या बोर्दोच्या भागातल्या उत्तम मळ्यांची जमीन खोल गोट्यांची असते, पावसाचं पाणी मुळाशी तुंबत नाही. जिरोंद खाडीच्या पाण्यालगतच्या मळ्यांना दंवापासून थोडं संरक्षण मिळतं. शिवाय श्रीमंत शातोंना निवड परवडते: न पिकलेले घड फेकायचे, मधल्या प्रतीचा रस दुसऱ्या लेबलखाली विकायचा, आणि मुख्य नावाखाली थोडंच भरायचं. बोर्दोतल्याच पोमरोलच्या पेत्रुस या प्रसिद्ध मळ्याने तर १९९१ साली स्वतःच्या नावाची वाइन काढलीच नाही.

म्हणून नवख्याने पडत्या सालात पोयाक, सँ-जुलियँ, सँतेस्तेफ, मार्गो या मेदोकच्या गावांतल्या, १८५५च्या वर्गीकरणातल्या (शातोंची पाच पायऱ्यांची अधिकृत क्रमवारी) शातोंकडे आधी बघावं. वर्गीकरणातली पाचवी पायरीही चालेल. साध्या ‘बोर्दो’ लेबलची २००७ची बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती केव्हाच संपली.

सालागणिक ढोबळ अंदाज असा. २००४ला पीक मोठं होतं आणि वाइन जुन्या धाटणीची, ताठ; मेदोकची वर्गीकृत बाटली आत्ता प्यायला उत्तम, आणि सुरुवात करायला सर्वांत भरवशाचं साल हेच. २००२ही त्याच जातीचं, थोडं जास्त कडक. २०११मध्ये वसंतात अवर्षण झालं, टॅनिन अजून जाणवतात, थोडी हवा लागते. २००७ आणि २०१३ मऊ आणि हलक्या, आणखी ठेवण्यात अर्थ नाही. १९९७ची बहुतेक वाइन उतरली आहे. थंड तळघरातून न हललेली, मोठ्या नावाची बाटली असेल तरच हात घाला. १९८४, १९८७, १९९२ या सालांवर पैसे लावणं म्हणजे जुगार, नवख्याने लांबच राहावं.

पायरी २: बाटली हातात घेऊन तपासा

बोर्दोची बाटली खांदेवाली असते आणि पातळी मोजायला तो खांदा उपयोगी पडतो. बाटली उभी धरून उजेडाकडे करा. वीसेक वर्षांच्या बाटलीत वाइन गळ्यात किंवा गळ्याच्या बुडापर्यंत असायला हवी. तीस वर्षांपुढे खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरली असेल तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर असेल तर धोका, त्याखाली असेल तर सोडून द्या. पातळी उतरली म्हणजे तेवढी हवा आत गेली, आणि पडत्या सालाच्या वाइनला ती हवा सोसत नाही.

मग बुचावरचं आवरण बघा. ते हलकेच फिरत असेल तर चांगलं लक्षण. चिकटून बसलं असेल आणि कडेला वाळलेला ओघळ असेल तर वाइन गळली आहे. बूच आवरणाला वर ढकलत असेल तर बाटली कधीतरी तापली. मळकं, फाटलेलं किंवा दमटपणाने बुरशी लागलेलं लेबल मात्र दोष नव्हे. उलट थंड, ओलसर तळघरात राहिल्याची ती खूण असते.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ही कुठे आणि किती तापमानात होती? १२ ते १४ अंश हे उत्तर हवं. मुंबई-पुण्यात कपाटात चार उन्हाळे काढलेली बाटली, मग ती कितीही मोठ्या नावाची असो, शिजलेल्या मनुकांसारखी लागते.

पायरी ३: विसावा द्या, मग उभी करा

परदेशातून भारतात येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. लंडन-पॅरिसहून आलेली जुनी बाटली त्याच आठवड्यात पाहुण्यांपुढे ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ठेवू नका. प्रवासात गाळ इतका ढवळला जातो की वाइन गढूळ आणि कडवट लागते. किमान दोन आठवडे, जमल्यास चार, थंड जागी आडवी राहू द्या.

बेताच्या दोन दिवस आधी बाटली उभी करा. गाळ बारीक असेल तर तीन दिवस. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर घरच्या फ्रिजमधला एक कप्पा काढून मागच्या बाजूला उभी ठेवा. दारात नको, दार दर वेळी उघडताना हेलकावे बसतात. दोन दिवसांच्या थंडीने वाइन बिघडत नाही. कधी तळाशी साखरेसारखे स्फटिक दिसतात. ते टार्टरचे, निरुपद्रवी.

पायरी ४: तापमान

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या, गार घरांचं आहे. आपल्याकडे वैशाखात खोली ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल नाकात आधी शिरतं आणि नाजूक वास दबून जातात. या वाइनला ग्लासात १६ ते १७ अंश हवेत. ग्लासात ती भराभर तापते, म्हणून ओतताना १५ ठेवा.

फ्रिजमधून काढलेली बाटली २८ अंशांच्या खोलीत १५वर यायला साधारण एक ते दीड तास लागतो. उलट, बाहेर ठेवलेली २८ अंशांची बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तिलाही साधारण दीड तास लागेल. स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर असेल तर अंदाज लावत बसू नका. बूच काढल्यावर थोडी वाइन ग्लासात ओतून मोजा. फार गार असेल तर ग्लास दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं धरा. बाटली गरम पाण्यात कधीच बुडवू नका.

पायरी ५: बूच

बहुतेक बाटल्या इथेच बिघडतात. बोर्दोची चांगली बुचं सुमारे ५ सेंटिमीटर लांब असतात, आणि वीस वर्षांत खालचा भाग भिजून मऊ, वरचा कोरडा आणि ठिसूळ झालेला असतो. दोन कानांचा साधा कॉर्कस्क्रू जाड असतो, बूच मधूनच फोडतो. पर्याय दोन. लांब, पातळ वेटोळ्यांचा आणि दोन टप्प्यांच्या टेकूचा वेटर स्क्रू. किंवा ‘आ-सो’, म्हणजे दोन पातळ पात्यांचं ओपनर. वीस वर्षांपुढच्या बाटलीला आम्ही आ-सोच सुचवू.

आधी आवरण कापा, गळ्यावरच्या जाड कड्याच्या खालून, म्हणजे ओतताना वाइन धातूला लागणार नाही. जुन्या बाटल्यांवर, साधारण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, शिशाची आवरणं असत. ती पूर्ण काढा आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने दोनदा पुसा. बुचावर काळी बुरशी असेल तर घाबरू नका, तीही पुसून घ्या.

आ-सोचं लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या मध्ये घाला, मग आखूड. सरळ दाबू नका. डावी-उजवी डुलवत एकेक मिलिमीटर खाली न्या. पाती पूर्ण गेली की पिळत पिळत वर ओढा. बूच सैल असेल तर आ-सो त्याला आतच ढकलतो, म्हणून आधी बोटाने हलकं दाबून बघा. हललं तर वेटर स्क्रू घ्या, तो थेट मध्यात फिरवा, आणि शेवटचं वेटोळं बाहेर राहीपर्यंत जाऊ द्या. अर्ध्यावर थांबलात तर अर्धंच बूच हातात येईल.

ते आलंच, तर उरलेल्या अर्ध्यात स्क्रू तिरका घालून बाटलीच्या काचेच्या बाजूने वर खेचा. नाही जमलं तर शांतपणे आत ढकला आणि बारीक, धातूचा वास नसलेल्या गाळणीतून किंवा धुतलेल्या मलमलीतून गाळा. बुचाचे तुकडे वाइनची चव बिघडवत नाहीत, फक्त दातांत येतात. हे सगळं बाटली उभी ठेवूनच. आडवी घेतलीत की दोन दिवसांची मेहनत ढवळली गेली.

पायरी ६: वास घ्या, मगच डिकँटरचं ठरवा

ग्लासात दोन चमचे ओता आणि न फिरवता वास घ्या. पहिल्या मिनिटाला बंद पेटीसारखा, विझलेल्या काडीसारखा किंवा अंड्यासारखा वास येऊ शकतो. वर्षानुवर्षं हवेशिवाय राहिलेल्या बाटलीचा तो वास पाच-दहा मिनिटांत उडतो. आता चव घ्या.

टॅनिन जिभेला ओढत असतील आणि फळ दबलेलं वाटत असेल (२००२, २००४, २०११मध्ये असं होतं), तर डिकँटरमध्ये २० ते ४० मिनिटं ठेवा. वाइन आत्ताच मोकळी, गोडसर, मऊ वाटत असेल तर तिला हवा दाखवूच नका. २००७, २०१३, १९९७ आणि त्याआधीची कोणतीही बाटली: फक्त गाळ वेगळा करायचा, तोही वाढायच्या पाच-दहा मिनिटं आधी. या वाइनचा उरलासुरला सुवास हवेत अर्ध्या तासात निघून जातो आणि मागे आंबटपणा उरतो. नवख्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे: पाहुणे आठला येणार म्हणून पाचला डिकँट केलेली वाइन.

डिकँटर रुंद बुडाचा नको, अरुंद घ्या. काचेचा साधा, स्वच्छ जगही चालतो. आधी नाक आत घालून बघा. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा किंवा साबणाचा वास डिकँटरमध्ये हमखास बसतो. साध्या पाण्याने विसळून निथळू द्या.

ओतताना मोबाइलचा टॉर्च टेबलावर असा ठेवा की उजेड बाटलीच्या खांद्याखालून वर येईल. मेणबत्ती दिसायला छान, पण टॉर्च जास्त कामाचा. बाटली हळूहळू कलती करा आणि एकाच संथ धारेत ओता. मध्ये थांबून सरळ करू नका, प्रत्येक वेळी गाळाची लाट उठते. शेवटी खांद्यापाशी आधी धुरासारखी रेघ येते, मग काळसर कण. धूर गळ्याशी पोचला की थांबा. ४० ते ५० मिली मागे राहील, राहू द्या.

डिकँटर वापरायचा नसेल तर सगळे ग्लास ओळीने मांडा आणि बाटली कलती ठेवूनच एका दमात सगळे भरा.

पायरी ७: वाढणं

मोठ्या पोटाचा, वर निमुळता ग्लास घ्या आणि पहिल्यांदा ६० ते ७० मिलीच ओता. एका बाटलीत चार ते सहा जणांचं छान भागतं. दोघंच असाल तर तासाभरात संपवायची तयारी ठेवा. शेवटचा तिसरा हिस्सा बहुधा थकलेला लागतो.

खोलीत उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, अत्तर नको. हे फार कडक वाटेल, पण जुन्या वाइनचा वास इतका बारीक असतो की फोडणीही त्याला गिळते. स्वयंपाक आधी उरकून खिडक्या उघडा.

क्रम लावताना ‘तरुण आधी, जुनी नंतर’ हा प्रघात इथे मोडा. नाशिकच्या तरुण, दणदणीत शिराझनंतर किंवा २००९च्या बोर्दोनंतर २००७ची बाटली पाण्यासारखी लागेल. तिला सर्वांत आधी, ताज्या जिभेने प्या.

बरोबर काय खावं

तांबडा रस्सा, सुकं मटण, ठेचा यांतलं काहीच नाही. तिखटाने अल्कोहोल जाळतं, टॅनिन कडू होतात आणि फळ गायब होतं. लिंबाची फोड आणि कच्चा कांदाही ताटाबाहेर ठेवा. बोर्दोत यासोबत भाजलेलं कोकराचं मांस, बदक किंवा साधं रोस्ट चिकन असतं. आपल्या स्वयंपाकात याच्या सर्वांत जवळ जातं ते अळणी मटण: मीठ, हळद, थोडं आलं-लसूण, आणि त्याचं स्वतःचं पाणी. मिरी नेहमीपेक्षा निम्मी घाला. शाकाहारी पानात लोण्यावर खरपूस परतलेली अळंबी, सोबत मऊ बटाटा. चीज हवंच असेल तर कोंतेसारखं कडक, मुरलेलं. निळ्या बुरशीचं नको, त्याच्या खारटपणापुढे ही वाइन उभी राहत नाही.

बिघडली आहे की फक्त म्हातारी झाली आहे?

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास, आणि दहा मिनिटांनी तो आणखी वाढला: बुचाचा टीसीए (बुचातून वाइनमध्ये उतरणारं दुर्गंधी द्रव्य) दोष. त्यावर इलाज नाही. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि चहासारखा तपकिरी रंग: हवा लागून संपलेली. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा ठळक वास: अॅसिटिक जिवाणूंचं काम, जुन्या वाइनमध्ये याची हलकी छटा असतेच, पण घशाला झोंबली तर सोडा. तबेल्याचा किंवा मलमपट्टीचा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा. थोडा असेल तर अनेकांना तो आवडतोही.

कडेला विटकरी रंग, पातळ अंग, ढोबळी मिरची, तंबाखू, कमी फळ, थोडा आंबट शेवट: हा यातला कोणताही दोष नव्हे. पडत्या सालाची जुनी बोर्दो अशीच असते.

उरलीच, तर रिकाम्या ३७५ मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तळाचा गाळ मलमलीतून गाळून मटणाच्या अंगच्या रश्शात घालता येतो, पण मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या, नाहीतर तुरट लागेल.